सोपी बोली

"एक बदाम," रूपचंद म्हणाला.

सात वर्षांत थोरल्या भावाशी, रतिलालशी, तो एवढंच बोलत आला होता. एक बदाम. दोन इस्पिक. पास. शहाद्याच्या क्लबात दर रविवारी दुपारी ब्रिज चाले आणि भिडू चिठ्ठ्या टाकून ठरत. कधी कधी दोघा भावांची जोडी लागे. मग आपल्या हातात काय आहे याचा अंदाज भिडूला द्यायला बोली लावावीच लागे. डाव संपला की रतिलाल आपल्या वाटेने जाई, रूपचंद आपल्या. तापीकाठी दोघांच्या केळीच्या बागा मात्र एकमेकींना लागून होत्या. वारा सुटला की या बागेतली पानं त्या बागेतल्या पानांवर आपटत.

खरं तर भांडण असं झालंच नव्हतं. वडील गेले तेव्हा रूपचंद सुरतेला होता. तापीला पूर, रस्ते बंद. तो तिसऱ्या दिवशी पोचला. रतिलालने तोवर अग्नी देऊन टाकला होता. रूपचंदने काही विचारलं नाही. रतिलालने काही सांगितलं नाही. आठवडाभराने रूपचंदची चूल वेगळी झाली.

त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यातली ती दुपार. जवळच्या जिनिंगमधला कापूस हवेत तरंगत होता. पुंजके खिडकीतून आत येत आणि टेबलावरच्या पानांवर अलगद उतरत. कुणालाच घाई नव्हती. ओव्हरसियर इंद्रसिंग पत्ते पिसत म्हणाला, "पुढच्या महिन्यात धुळ्याला सामने आहेत. आपल्या क्लबाकडून तुम्ही दोघं भाऊ जा. तुमच्याइतकं कुणी खेळत नाही. पण तिथे अवघड पद्धती चालतात. तोंडाने किलवर म्हणायचं आणि अर्थ निघतो निराळाच. भिडूंनी महिनाभर रोज समोरासमोर बसून ते ठरवावं लागतं."

रतिलालने मान वर केली. त्याचे ओठ हलले.

रूपचंद त्याच्या आधी बोलला. नजर टेबलावरच होती. "बदाम बोलनू म्हंजे बदामच. पानं बरी ते बोलानं, नही ते पास. बस."

 मग रतिलाल हळूच म्हणाला, "चाली."

पाच मिनिटांत सगळं ठरून गेलं. बरं झालं, इंद्रसिंगला वाटलं, दोघांचा अबोलाही राहिला आणि कामही झालं. पण रतिलालचा चेहरा उतरलेला त्याला दिसला. त्याचं कारण काही त्याला कळलं नाही.

धुळ्याच्या त्या मोठ्या हॉलमध्ये पंखे मंद फिरत होते. माणसं कुजबुजत होती. रूपचंदला आपण पाण्याखाली बसलोय असं वाटत होतं. थोरल्याचा आवाज पाण्यातून आल्यासारखा येई. लहानपणी तापीकाठच्या प्रकाशा गावी घाटावर पोहायला शिकताना तो असाच यायचा. 'हात मार, मी शे ना.'

शेजारच्या टेबलांवर जाणत्या जोड्या आपल्याच सांकेतिक बोलींत अडकून कपाळाला हात लावत होत्या. शेवटच्या डावात रतिलाल म्हणाला, "एक बदाम." रूपचंदच्या हातात चार बदाम होते. "तीन बदाम," तो म्हणाला. रतिलालने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "चार." आता खेळायचं एकट्या रतिलालने; नियमाप्रमाणे रूपचंदने आपली पानं टेबलावर उघडी मांडली आणि भावाला खेळताना बघत राहिला. रतिलालने शांतपणे, एकेक करत, चारच्या बोलीला लागणारे दहाही हात केले.

त्यांचा दुसरा नंबर आला. एस.टी.त दोघं एकाच बाकावर बसले.  बाहेर उसाचे तुरे मागे मागे जात राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रूपचंदच्या दारात सावली पडली. त्याची बायको मंगलाबाई दचकून उठली, डोक्यावर पदर ओढला आणि पाणी आणायला आत पळाली. सात वर्षांत जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ, पहिल्यांदाच दारात उभे होते.

रतिलाल ओट्यावर टेकला. पिशवीतून त्याने एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. ब्रिजच्या अवघड बोलींचं. धुळ्याहून निघताना गुपचूप घेतलेलं. त्याची स्वतःची शाळा मराठी चौथीत सुटली होती; इंग्रजी वाचता येई ते रूपचंदला.

रूपचंदने पुस्तक उलटसुलट केलं.

"भाऊ," तो म्हणाला.  "सोपी बोलीवरच आपला दुसरा नंबर उना. आते हाई कसाले?"

रतिलालने केळीच्या बागेकडे पाहिलं.

"हाई शिकाले वरीस लागी. तू वाचजो, मी ऐकसू," तो म्हणाला. "सोपी बोली ते पाच मिनिटमा सरी गई, रूपा. मंग मी तुन्हा घर रोज काय म्हनीसन येसू?"