होडीत रोखलेला श्वास

फाटकं जाळं ओढत बाबा वर आले, तेव्हा होडीत बसलेल्या लेकीने रोखलेला श्वास गुपचूप सोडला. मालवणच्या राखीव समुद्रात प्रवाळाला अडकलेली जाळी ते एका दमात बुडी मारून सोडवत. ते वर येईपर्यंत तीही दम धरून बसे.

"भियालंस काय गो बाय?"

"मी कित्याक भियातंय!" धाप लपवत ती म्हणाली. बाबा नुसतेच हसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले.

महिन्याभराने धाकट्या भावाला होडीत बसवून तिने तिथेच बुडी मारली. जाळं घेऊन वर आली, तर भावाचा चेहरा लालबुंद झालेला, आणि धापा तोच टाकत होता. बाबांना दर वेळी असंच दिसलं असणार.

होडीचा काठ धरून ती मोठ्याने म्हणाली, "भियालंय, बाबा. दर वेळी भियालंय."