मुलाखतीतला प्रश्न

हळदीच्या बेण्याला कोंब कधी फुटायचा, हे आतून कसं ठरतं? एवढंच शोधण्यासाठी पुजाला फेलोशिप हवी होती. कुरुंद्याजवळच्या तांड्यावरून ती मुलाखतीला शहरात गेली. सोबत पिशवीत कोंब आलेली हळद.

समोर तीन नामवंत शास्त्रज्ञ. पहिल्यानं विचारलं, "लग्न कधी करणार?" दुसऱ्यानं, "सासरचे शिकू देतील?" तिसऱ्यानं, "मूल झाल्यावर प्रयोगशाळेत कोण येणार?" मग चहा पीतपीत तिघांनी नकार दिला. पिशवी उघडायची वेळच आली नाही.

परतताना पुजाला धास्ती होती ती जिवनबाई काकीची. तांड्यातली सगळी लग्नं काकीच जुळवते, आणि पुजा दिसली की "कधी उरकतीस गं?" हे ठरलेलं.

काकी ओट्यावरच होती. पुजानं सगळं सांगितलं आणि ऐकून घ्यायच्या तयारीनं मान खाली घातली.

काकीनं पिशवीतली हळद काढली, कोंबावरून हलकेच बोट फिरवलं.

"लग्नाचं तं मी रोजच इचारून राहिले, फुकटात. त्या मोठ्या लोकायला हळदीचं इचारता येत न्हाई व्हय?"