मुख्यालयी राहणाऱ्या मॅडम

"खोली होती मॅडम, पण कालच दिली," बन्सीभाऊ म्हणाले. त्यांच्या मागं खोलीचं कुलूप दिसत होतं, आणि कुलपावर जाळं धरलं होतं.

अरफा मॅडम मागं वळल्या. सकाळपासून हे चौथं घर. पहिल्या दोन घरांत रस्त्याच्या कामावरची माणसं भरली होती. एकेका खोलीत आठ-आठ जण, भाडं माणशी. मग एकट्या बाईला खोली कोण देतंय? तिसऱ्या घरात नाव विचारलं आणि "घरात विचारून सांगतो" म्हणाले. विचारणार कुणाला? घरात ते एकटेच होते.

गाव पाचोडपासून आत. शाळा चौथीपर्यंत आणि शिकवायला एकट्या अरफा मॅडम. पाच वर्षं त्या शहरातल्या मुकुंदवाडीहून ये-जा करत होत्या आणि शाळेचं कुलूप कधी उशिरा उघडलं नव्हतं. तरी ग्रामसभेत विषय निघालाच. मॅडम मुख्यालयी राहत नाहीत, पोरांचं नुकसान होतंय. तक्रार वर गेली. वरून आदेश आला, सोमवारपर्यंत गावात राहायला या, नाहीतर निलंबन. म्हणजे गावच म्हणतं इथं राहा, आणि गावच म्हणतं खोली नाही. माणसानं करावं तरी काय?

तक्रार केली होती नानासाहेबांनी. ते शाळा समितीचे अध्यक्ष. मॅडम शेवटी त्यांच्याच दारात गेल्या. राग होता, पण नोकरी जाण्यापुढं रागाचं काय घेऊन बसायचं.

नानासाहेब ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. "या मॅडम. राग धरला आसंल आमच्यावर."

"राग धरून काय करू? मला खोली मिळत नाही. तुम्हीच सांगा, कुठं राहू?"

"आमच्याकडं राहा की. घर मोठं हाय."

मॅडमना खरंच वाटेना. आवडाबाईंनी, म्हणजे नानासाहेबांच्या बायकोनं, चहा आणला. नात सायली दाराआडून बघत होती. तिसरीतली, वर्गात सगळ्यात हुशार.

"आत्ता कुठं राहता?" नानासाहेबांनी विचारलं.

"मुकुंदवाडीला. दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या."

"घरमालक तरास देतो का?"

"नाही हो, भला माणूस आहे."

"अन् पाणी? शहरात तर लई बोंब हाय म्हणं."

"नळ आठवड्यानं येतो, पण खाली मोठी टाकी आहे. पुरतं."

"लेकीची शाळा?"

"कोपऱ्यावरच. आमरीन चालत जाते."

"इंग्लिश?"

"हो."

"मग सोडवत नसंल तुम्हाला," नानासाहेब हळूच म्हणाले.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. अख्ख्या गावात हे विचारणारा हा पहिलाच माणूस, आणि तोही तक्रार करणारा. "नाही सोडवत," त्या म्हणाल्या. "तिची शाळा तोडायची म्हणजे जिवावर येतं. पण इथं सायलीशेजारी बसवीन तिला. तेवढीच सोबत."

सायली दाराआडून हसली.

"अकरा महिन्यांचा करार करू," नानासाहेब म्हणाले. "मधी सोडून मात्र जायचं नाय. लिहून द्या तसं."

"आणि तक्रार?"

"तुम्ही राहायला आलात की मिटली."

रात्री नोमाननं, मॅडमच्या नवऱ्यानं, ताट बाजूला सारलं. "दो जगा का किराया अपने से नै होता, अरफा." मग ठरलं, मुकुंदवाडीचं घर सोडायचं. घरमालकाला रात्रीच तसं कळवलं. नोमाननं भावाकडं झोपायचं, रविवारी गावाकडं यायचं. आमरीन रडली. सायलीचं नाव काढलं तेव्हा कुठं गप्प झाली.

दुसऱ्याच दिवशी घरमालकाचा फोन आला. नवा भाडेकरू मिळाला, रविवारी सकाळी घर मोकळं करा. मॅडमना वाईट वाटलं. पाच वर्षं पुसून, आवरून ठेवलेलं घर, आणि त्याला दुसरा माणूस मिळायला एक दिवससुद्धा लागला नाही.

रविवारी कडुबाचा टेम्पो सामान घेऊन गावात आला. सगळ्यांनी हात लावला. नानासाहेबांचा मुलगा गोकुळ शहरात कंपनीत होता, तोही सुट्टीचा म्हणून आला होता; त्यानं कपाट एकट्यानं आत नेलं. लोक बरे आहेत, उगाच मनात धरलं आपण, असं मॅडमना वाटलं.

आवडाबाई मागं मागं फिरत सांगत होत्या. "मागच्या दाराची कडी उचलून लावा. अन् तुळशीला तेवढं पाणी घालत जा, बाई."

"घालीन की. तुमची म्हैस कुठं दिसत नाही?"

"इकली. कोण करणार आता तिचं?"

वयच झालंय यांचं, मॅडम मनाशी म्हणाल्या.

टेम्पो मोकळा झाला. कडुबानं फळी वर घेतली तसे नानासाहेब म्हणाले, "थांब रे. रिकामा कशाला जातो?"

गोकुळ आतून गाद्यांची वळकटी घेऊन आला. मग पत्र्याची पेटी, मिक्सर, देवांचं गाठोडं. शेवटी सायली आली. पाठीवर नवं कोरं दप्तर होतं. आमरीन धावत जाऊन तिचा हात धरणार, तोवर गोकुळनं लेकीला उचलून पुढच्या सीटवर बसवलं.

"अम्मी, ये कहाँ जा रई?" आमरीननं विचारलं.

मॅडमनी नानासाहेबांकडं बघितलं.

"पोरांच्या शिक्षणासाठी करावं लागतं, मॅडम," ते म्हणाले. त्यांची नजर जमिनीवर होती. "शेतीचं काय, मी येऊन-जाऊन बघीन."

कडुबानं दोर आवळला. "नाना, सामान उतरवायचं कुठं?"

"कुठं म्हंजे? सकाळी मॅडमचं जिथून भरलं, तिथंच. दुसरा मजला."