पेटीवालीची फिल्म

करिश्मा झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवते. तिच्यावर फिल्म करायला शहरातली सेवाभावी संस्था गडचिरोलीकडच्या तिच्या गावी येणार म्हणून पोरीनं महिनाभर एक चाल घोटून ठेवली होती.

संस्थेच्या साहेबांनी आधी तिच्या चपला काढवल्या, घरात नळ असताना नदीवरून हंडा आणवला, "हसू नको बेटा, देणगीदारांचा मूड जातो" असं समजावलं आणि शेवटी वेळ उरला म्हणून पेटीही वाजवू दिली.

फिल्म मोबाइलवर आली. पडद्यावर करिश्माची बोटं पेटीवर धावत होती. ऐकू येत होतं ते रडकं व्हायोलिन आणि मदतीचं आवाहन.

 

चुलीपुढं बसून नुसतं ऐकणारी आई म्हणाली, "संपली का वं जाहिरात? आता लाव तुही फिल्म."