सातवं पदक

लातूरच्या एका क्लासच्या हॉलमध्ये जुन्या क्रीडापदकांच्या मार्गदर्शक पुस्तकाचं प्रकाशन चाललं होतं. दगडोबानं पान उघडलं आणि त्याचं डोकंच फिरलं. त्र्याण्णव सालच्या त्याच्या कबड्डीच्या पदकाखाली छापलं होतं : बनावट.

तो तरातरा स्टेजवर चढला. "कशावरून हो, सर?"

लेखक राघवेंद्र सर हसले. "संघात सात जण, म्हणजे पदकंही सात हवीत. आम्ही सगळा जिल्हा पालथा घातला. बाकीची सहा कुणाकडंच नाहीत."

"छापायच्या आधी मला इचारायचं तरी!" दगडोबानं पुस्तक टेबलावर आपटलं. "जिंकून आलो त्याच रातीला भूकंप झाला. पोरं पदकं गळ्यात घालूनच झोपली व्हती. सरण मीच रचलं, सर. एकाच्याबी गळ्यातलं काढलं न्हाई."