खिशावरचा गरुड

ए, तू फक्त ऐक हां, मध्ये बोलू नकोस! आपली ऋतिका कॅम्प तीनला जीन्सच्या कारखान्यात कॉम्प्युटर बघते ना, तिथेच तिचे पप्पा, अनंताभाई, खिशांवरची एम्ब्रॉयडरी डिझाइन करायचे. गेल्या महिन्यात एका सोमवारी ते अचानक वारले. त्यात काल सर्व्हर उडाला.

शेठ म्हणाला, "बेटा, अनंताभाईचा गरुड तेवढा परत आण. अर्धा असला तरी चलेगा."

पप्पांच्या अख्ख्या व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या त्यांच्या कॉम्प्युटरचा बॅकअप होता, ते गेले त्याच्या आदल्या दिवशीचा, रविवारचा. ऋतिकाने तो रिस्टोअर केला. गरुडाला एकच पंख, पप्पांनी सोडला होता तस्साच.

तेवढ्यात मशीन हँग झालं. तिने ती कॉपी उडवून तोच बॅकअप पुन्हा चढवला. आता दुसऱ्या पंखाला तीन पिसं होती.

बॅकअप असा आपोआप बदलत नाही; बाहेरून कोणी हात घालत असेल म्हणून तिने नेटवर्कची वायरच उपटली आणि परत तोच बॅकअप चढवला. पंख पूर्ण! वळणावरचे बारीक टाके, अगदी पप्पांच्या हातचे. तिचे हात आपोआप जोडले गेले.

फक्त डोळा बाकी होता. पप्पा डोळा नेहमी शेवटी भरायचे, आणि तो भरला की मशीन बंद करून निघायचे.

"झाला का गं?" शेठ दारातून ओरडला.

ऋतिकाचं बोट रिस्टोअरच्या बटणावर होतं. तू असतास तर दाबलं असतंस?