उशाशी पेला

किल्लारीच्या भूकंपात घर कोसळल्यापासून साखराबाई उशाशी पाण्याचा पेला ठेवत. पाणी हलले की बाहेर पळायचे, एवढाच नियम. लातूरच्या घरात तळमजल्यावर मुलाने, शिवशंकरने, क्लासच्या प्रश्नपत्रिकांसाठी नवे डिजिटल छपाईयंत्र बसवले आणि पाणी रोजच हलू लागले.

"मशीन हाय माय ती, भूकंप न्हाई!" शिवशंकर दर वेळी सांगे.

त्या कंपनाने छापील अक्षरेही दुहेरी उमटत. म्हणून अभियंत्याने यंत्राखाली रबरी पट्ट्या बसवल्या. आता यंत्र चालताना पाणी हलते का, ते बघायला शिवशंकर वर जाऊन पेल्याकडे पाहत राहिला. पाणी थरथरले. उठू पाहणाऱ्या आईला त्याने हाताला धरून खाली बसवले आणि जिन्यातून ओरडला, "साहेब, रबर घालून बी हलतंय की!"

 

खालून उत्तर आले, "अहो, मशीन अजून सुरूच केलेलं नाही."